चकाचक टाकीची हकिगत

“वास येतोय ना गं?”

“येतोय काय, राहायलाच आलाय. त्या सेक्रेटरी काकू झाल्यापासून येतोय.”

लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली निघाली होती. त्या सेक्रेटरी काकू, म्हणजे मी, बोलणाऱ्या दोघींच्या पुढे वीतभर अंतरावर उभी होते. स्कूटीवर जायचं म्हणून तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, त्यामुळे ओळखू आले नाही. वळून सांगावंसं वाटत होतं, की बायांनो, सेक्रेटरी मी दीड वर्षापासून आहे आणि वास सोमवारपासून येतोय, तारखा तरी जुळवून बोला. पण स्वाभिमानी माणसाची अडचण अशी असते, की अपमान अर्धवट ऐकून त्याचं समाधान होत नाही. मी तळमजल्यापर्यंत ऐकून घेतलं. बाहेर पडताना त्यातली एक, बी विंगमधली आयटीवाली स्नेहल, मला बाजूला सारत म्हणाली, “एक्सक्यूज मी, आंटी.” ते ‘आंटी’ मला वासापेक्षा जास्त झोंबलं.

आता वासाचं सांगते. आमची सोसायटी मोशीत, चौऱ्याण्णव घरांची. पार्किंगच्या मागे आमचा एसटीपी आहे. म्हणजे सांडपाण्याचा प्लांट. चौऱ्याण्णव संडास-न्हाणीघरांतून जे जे म्हणून खाली जातं ते एका मोठ्या टाकीत येतं. तिथं ब्लोअरनं त्यात दिवसरात्र हवा सोडतात, आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव ते सगळं खाऊन टाकतात. वर उरलेलं नितळ पाणी बागेला जातं. इतकी मोठी पंगत आपल्या खिडकीखाली रोज उठते आणि आपण त्या जेवणाऱ्यांची साधी विचारपूस करत नाही. मीही करत नव्हते. माझं शिक्षण दहावी, तेही मार्च आणि ऑक्टोबर मिळून. सेक्रेटरी झाले ते कुकर बंद करायला सभेतून पाच मिनिटं घरी गेले होते म्हणून. परत आले तर टाळ्या वाजत होत्या.

त्या जेवणाऱ्यांची विचारपूस करणारा एकच माणूस होता, आमचा ऑपरेटर दत्तोबा. मूळचा औशाकडचा. सहा वर्षं तो आणि त्याची बायको मंजुळाबाई पंपघरामागच्या खोलीत राहतात. नोकरी तीच आणि घरही तेच. टाकीतल्या जिवांना तो ‘लेकरं’ म्हणतो. “आज लेकरं जरा सुस्त वाटालेत,” असं तो सकाळी मला सांगायचा आणि मी, “बरं, लक्ष ठेवा,” म्हणून भाजी आणायला जायची.

अशात पालिकेची नोटीस आली. चोवीस तारखेला तुमच्या प्लांटच्या पाण्याचा नमुना घेतला जाईल, नापास झाला तर सोसायटीचा नळजोड तोडला जाईल. कमिटीनं तातडीची सभा बोलावली आणि त्या सभेत अर्जुनराव उभे राहिले.

अर्जुनराव भोसरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटीत होते. त्यांची बायको, आमच्या वहिनी, मागच्या दिवाळीत गेल्या. त्यानंतर आठ महिने ते खाली उतरले नव्हते. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराच्या कडीला लटकलेली असायची. ते आज सभेला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि म्हणत होते, “घाबरायचं काय त्यात? ऑडिट आहे. ऑडिटच्या आधी काय करतात? फाइव्ह एस!”

फाइव्ह एस म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यांतलं स्वच्छतेचं पंचशील. नको ते फेका, हवं ते जागेवर ठेवा, घासा, पुसा, पट्टे मारा. आमच्या सोसायटीत निम्मी माणसं भोसरी-चाकणच्या कंपन्यांतली. साहेब येणार म्हटल्यावर मशीन आधी पुसायचं, मग चालू आहे का बघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. रविवारी सकाळी तीस माणसं गमबूट घालून प्लांटवर हजर झाली. टाकीतलं तपकिरी, फेसाळ, दाट पाणी बघून सगळ्यांनी नाकं मुरडली. दत्तोबा पुढे आला.

“साहेब, ती घाण नाही. लेकरं हायेत त्यात. नका धुवू.”

“अरे, इन्स्पेक्टर आधी काय बघतो माहितीये का? रंग!” अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

गाळ उपसला. टँकरनं नेला. टाकी काथ्यानं घासली. तीन पोती ब्लीचिंग पावडर मारली. कठड्याला पिवळे-काळे पट्टे ओढले. अर्जुनराव हातात ब्रश घेऊन हसत होते. आठ महिन्यांत आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनी कठड्यावर बसून पोहे खाल्ले, फोटो काढले. फोटोत मीही आहे, मी लिंबू पिळतेय. दत्तोबा फोटोत नाही.

सोमवारी त्या आरशासारख्या टाकीत चौऱ्याण्णव घरांचं पाणी नेमानं येऊन पडलं आणि ते खायला कोणीच नव्हतं.

गुरुवारी, त्या लिफ्ट प्रकरणानंतर, कमिटी बसली. “हवामान बदललंय,” एक जण म्हणाले. “लाइट जाते ना सारखी,” दुसरे म्हणाले. “मोशीची हवाच बिघडलीय,” तिसरे. अर्जुनराव कळवळून म्हणाले, “एवढं स्वच्छ करून दिलं, तरी हा दत्तोबा प्लांट चालवू शकत नाही? नमुना नापास झाला तर एजन्सीला देऊन टाकू. पास झाला तरी विचार करावा लागेल.” सगळ्यांनी माना खाली घातल्या. तीस माणसांना माहीत होतं काय झालं ते. पण आठ महिन्यांनी घराबाहेर पडलेल्या माणसाला “तुम्ही मारलंत” असं कोण म्हणणार? मी इतिवृत्तात लिहिलं: ऑपरेटरबाबत निर्णय नमुन्याच्या निकालानंतर. माझं अक्षर त्या दिवशी विनाकारण चांगलं आलं होतं.

संध्याकाळी पंपघराकडे गेले तर मंजुळाबाई कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. “असू द्या, ताई, धूळ बसती म्हणून,” म्हणाल्या. त्यांच्या खोलीत धूळ कधीच नसते.

तेव्हा मी ठरवलं की चोवीस तारखेच्या आत लेकरं आणायची.

आमच्या फ्रिजचा एक पाय आखूड आहे. त्याखाली माझ्या मुलीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक होतं, ते ओढून काढलं. धडा सापडला, अलैंगिक प्रजनन. माझ्या वेळी हा धडा आला की बाई “घरी वाचा” म्हणून पुढच्या धड्यावर जायच्या, आणि घरी वाचायची सोय नव्हती. पस्तीस वर्षांनी ओट्याशी उभं राहून वाचला आणि बाईंचा रागच आला. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतंच! एक पेशी असते. ती खाते, फुगते, मधे बारीक होते आणि दोन होतात. द्विविभाजन. बघायला कोणी आलेलं नाही, पत्रिका नाही, मानपान नाही, डोहाळे नाहीत, सासू नाही. किण्वाची, म्हणजे यीस्टची, तर आणखी सोपी रीत: अंगावर एक बारीक फुगवटा येतो आणि तोच वाढून सुटा होतो. हे सगळं वाचून मला बराच वेळ हलकं हलकं वाटत राहिलं.

“एकाचे दोन व्हायला किती वेळ?” माझ्या यजमानांनी विचारलं. ते चाकणला शिफ्ट सुपरवायझर आहेत.

“भरपूर खायला आणि हवा असेल तर काहींना अर्धा तास पुरतो.”

त्यांनी डोळे मिटले. “म्हणजे एका शिफ्टला एकाचे पासष्ट हजार पाचशे छत्तीस. टी-ब्रेक न धरता.” डोळे उघडून म्हणाले, “आणि युनियन नाही.”

हा हिशेब मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ती चूक झाली. कारण मग प्रत्येक घरातून ‘एक’ आणून द्यायला सुरुवात झाली. कोणी आंबलेलं इडलीचं पीठ टाकीत ओतलं, कोणी ताक, कोणी गुळाची ढेप. शेजारच्या गोठ्यातल्या गवराबाई, ज्यांच्या म्हशी आमच्या आणि पलीकडच्या टॉवरच्या मधोमध अजून ठाम उभ्या आहेत, त्या कठड्यावर वाकून म्हणाल्या, “श्यान टाका की. आमी काय धाव्वी शिकलो न्हाई, पर श्यानात जीव असतो एवढं कळतंय.” दोन घमेली शेण टाकलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ऐकलं, “आता तर म्हशीचाही यायला लागलाय.” शिवाय गुळाला मुंग्या लागल्या, त्या ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या, आणि तिथल्यांनी मुंग्यांसाठी पावडर मारली, ती धुऊन पुन्हा टाकीतच आली.

मुदत वाढवून मिळते का विचारायला पालिकेत गेले. खिडकीतले गृहस्थ फार सौजन्यानं म्हणाले, “मिळते ना, मॅडम. अर्जासोबत नापास झाल्याचा रिपोर्ट जोडायचा.” मी म्हटलं, नापास होऊ नये म्हणूनच तर मुदत हवीय. ते म्हणाले, “मग आत्ता तुम्हाला गरज नाहीये.” त्यांच्या म्हणण्यात कुठे चूक आहे हे मला मोशीला पोहोचेपर्यंत सापडलं नाही.

शेवटी ए विंगमधल्या योगिनी मॅडमना गाठलं. त्या इथल्याच शाळेत विज्ञान शिकवतात. त्या रविवारी कसल्याशा ट्रेनिंगला गेल्यामुळे पोह्यांना नव्हत्या. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “काकू, इथं खायला भरपूर आहे, खाणारं कोणी नाही. तुम्ही वर आणखी गूळ काय घालताय?”

“मग शेण?”

“शेणातले म्हशीच्या पोटाला सरावलेत. त्यांना इथं रुळायला महिना लागेल. आपल्याला ह्याच कामाचे हवेत. दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ आणा. आणि आधी घरोघरचं ॲसिड, फिनेल थांबवा, नाहीतर आणाल तेही मरतील.”

मग मी तीन दिवसांत चौऱ्याण्णव घरांच्या बेल वाजवल्या आणि चौऱ्याण्णव घरांत संडासावर बोलले. दारात हसरा चेहरा करून “काय वापरता हो तुम्ही?” असं विचारणं किती अवघड असतं हे जनगणनेला जाणाऱ्यांनाही माहीत नसेल. बासष्ट नंबरच्या आजी म्हणाल्या, “आमच्या घरात मुलगी बघायला आले होते तेव्हाही एवढं विचारलं नव्हतं.” स्नेहलनं दार उघडलं, मला ओळखलं, मग माझा स्कार्फ ओळखला, आणि तिचा चेहरा उतरला. पुढचे पंधरा दिवस ॲसिडची एक बाटली तिच्या घरात उघडली नाही. अपमान गिळून ठेवला की असा कधीतरी उपयोगी पडतो.

चालू प्लांट सापडला चऱ्होलीत. तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरीही कंपनीतलेच. मी लेटरहेडवर पत्र नेलं: ‘आपल्या प्लांटमधील गाळ सहा ड्रम मिळावा ही विनंती.’ त्यांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि गेटपास करायला सांगितला. गेटवरच्या वॉचमननं वही उघडली.

“मटेरियल?”

“लेकरं,” दत्तोबा म्हणाला.

“गाळ लिहा हो,” मी घाईनं म्हटलं.

“रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?”

ह्या प्रश्नावर आम्ही तिघंही गंभीर झालो. दत्तोबानं खूप विचार केला. “परत पाहिजे असतील तर देऊ की,” तो म्हणाला. “महिन्यानं सहाचे बारा ड्रम न्या. आमच्याकडं बी कमी नाही व्हायचे.” जगात अशी किती उधारी असेल, जी परत केल्यावरही देणाऱ्याकडे तेवढीच राहते? वॉचमननं ‘रिटर्नेबल’ला टिक केली आणि माझी सही घेतली. ती सही अजून तिथं आहे.

सहा निळे ड्रम ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवले. हवा मिळाली नाही तर लेकरं तासाभरात गुदमरायला लागतात, म्हणून दत्तोबा मागे उभा राहून बांबूनं एकेक ड्रम ढवळत होता आणि मी शेजाऱ्यांच्या फिश टँकचा बॅटरीवरचा पंप ह्या ड्रममधून त्या ड्रममध्ये फिरवत होते. अर्ध्या तासाचा रस्ता. पण आळंदीच्या आसपास लग्नाचा दिवस नसेल असा दिवस नसतो. मोशीकडे वळलो आणि समोर वरात. नवरदेव घोड्यावर, पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारे दोनशे लोक. गाडी जागच्या जागी. मला वाटलं, ज्यांना ह्या सगळ्याची काही गरज नाही असे कोट्यवधी जीव घेऊन आपण लग्नामागे अडकलोय, आणि ह्यांचं लग्न लागेपर्यंत आपले मरायचे.

“ढवळा, दत्तोबा.”

“ढवळालोच की, मॅडम. हात तुटायलेत.”

तेवढ्यात फेटा बांधलेले एक घामाघूम गृहस्थ हातात ग्लास घेऊन गाडीपाशी आले. ड्रम पाहिले, बांबू पाहिला, वर आलेला फेस पाहिला आणि प्रसन्न झाले.

“मठ्ठा का? आण, भावा. घसा सुकला पार.”

दत्तोबानं बांबू थांबवला नाही. “मठ्ठा नाही, साहेब. संडासाचा गाळ हाय.”

ग्लास तसाच हवेत राहिला. मग ते वळले आणि वरातीच्या दिशेनं हात हलवत ओरडले, “ए, साइड द्या! साइड द्या ह्यांना आधी!” दोनशे माणसं, घोडा आणि डीजे सगळे दोन मिनिटांत कडेला झाले. ॲम्ब्युलन्सलाही एवढी वाट मिळत नाही.

ड्रम टाकीत ओतले आणि ब्लोअर सुरू केला तेव्हा चोवीस तारखेला नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही, कारण आम्ही फक्त वाट पाहिली. दत्तोबा रोज काचेच्या बरणीत पाणी घेऊन उजेडात धरायचा. पहिले दोन दिवस त्यानं बरणी तशीच टाकीत रिकामी केली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “हायेत.” पाचव्या दिवशी पाण्याला पुन्हा तो चहासारखा रंग चढला, ज्याला आम्ही घाण म्हणून घासून काढलं होतं. सातव्या दिवशी सकाळी मी लिफ्टमधून उतरले, पार्किंगमध्ये उभी राहिले आणि लांब श्वास घेतला. ओल्या मातीचा वास होता. मी तिथंच स्कूटीच्या सीटवर बसले आणि स्कार्फ सोडला.

चोवीसला माणूस आला. त्यानं पिवळ्या-काळ्या पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, बाटली भरली आणि गेला. पुढच्या शुक्रवारी रिपोर्ट आला: पास. यजमानांनी शिफ्टवरून फोन करून विचारलं, “किती टक्के?” मी म्हटलं, ह्यात टक्के नसतात, पास म्हणजे पास. मार्चमध्येच.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सभा भरली. पेढे होते. योगिनी मॅडमनी शाळेतला मायक्रोस्कोप आणून टेबलावर मांडला होता, टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला होता आणि लोक रांगेत उभे राहून बघत होते. दत्तोबा आणि मंजुळाबाई दाराशी उभे होते, आत बसायला तयार नव्हते. कारण विषयपत्रिकेवर दुसरा विषय होताच: ऑपरेटरबाबत निर्णय.

माझी पाळी आली तेव्हा चपलेच्या तळव्यासारखा एक जीव दिसला, मधोमध आवळलेला, जणू अदृश्य करदोटा बांधलाय. “पॅरामेशियम आहे,” मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या. “दोन व्हायला आलाय. हटू नका.” मी हटले नाही. मागे रांग कुरकुरत होती. तो बारीक, आणखी बारीक होत गेला, आणि मग मधे काही उरलं नाही. दोघं दोन दिशांना निघून गेले, एकमेकांचा निरोपही न घेता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते भिंगामुळे असावं.

अर्जुनरावांनी पाहिलं तेव्हा दुसरा एक त्याच बेतात होता. ते बराच वेळ डोळा लावून वाकून राहिले. मग विचारलं, “ह्यात जुना कोणता आणि नवा कोणता?”

“कोणीच नाही, काका. दोघंही तोच,” मॅडम म्हणाल्या. “जुना मागे राहत नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही.”

अर्जुनराव सरळ झाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. मग फळ्यापाशी जाऊन मार्कर उचलला. आवाज पुन्हा क्वालिटीतला झाला. “चला. रिपोर्ट पास झाला तरी बिघाडाचं कारण शोधायचं. ‘का’ विचारत जायचं, मुळापर्यंत. वास का आला?”

“जीव मेले म्हणून,” दोघं-तिघं एकदम म्हणाले.

त्यांनी लिहिलं. “जीव का मेले?”

तिघा-चौघांनी एकदम पेढ्याच्या खोक्यात हात घातला. कोणीतरी “हवामान…” म्हणालं आणि थांबलं. माझ्या हातात इतिवृत्ताची वही होती. तोंड उघडलं, पण नेमका तेव्हाच मला पेढा गिळायचा होता.

दारातून दत्तोबा म्हणाला, “लिवा, साहेब. माझ्याकडूनच काही कमी-जास्त झालं असंल.” मंजुळाबाईंनी त्याची बाही ओढली, पण तो बोलून गेला होता.

अर्जुनरावांनी फळ्यावर ‘ऑ’ लिहिलं आणि हात थांबला. त्यांनी मायक्रोस्कोपकडे पाहिलं. “मॅडम,” त्यांनी विचारलं, “ह्यांना ब्लीचिंग पावडर चालते का?”

योगिनी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“नाही, काका.”

“किती चालत नाही?”

“चिमूटभरसुद्धा.”

त्यांनी ते ‘ऑ’ तळहातानं पुसलं. तळहात निळा झाला. मग ते आमच्याकडे वळले, एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले, तीसच्या तीस तोंडांकडे, आणि सावकाश म्हणाले,

“तीन पोती. मी मारले ते. हा नको म्हणत होता, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. आणि ती गेल्यापासून मी एकटा पडलोय म्हणून कोणी मला बोलला नाहीत.”